‘करण घेलो’ : सुरतेच्या कादंबरीतील निर्वासित राजा

मुंबई इलाख्यातील सुरत शहरात शिक्षकी पेशात असलेल्या नंदशंकर तुळजाशंकर मेहता (1835–1905) यांची ‘करण घेलो’ 1866 मध्ये प्रसिद्ध झाली आणि गुजरातीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून ती मान्यता पावली, मराठीत रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी त्यानंतर पाच वर्षांनी अवतरली. इंग्रजी कादंबऱ्यांच्या धर्तीवर गुजरातीत गद्यकथा लिहिली जावी, अशी शिक्षणखात्यातील निरीक्षक रसेल यांची इच्छा होती आणि तीच या लेखनाचे निमित्त ठरली.

कथानायक करण हा अणहिलवाड पाटण येथे राज्य करणाऱ्या वाघेला घराण्याचा शेवटचा राजा असून, ‘घेलो’ म्हणजे खुळा, हे विशेषण लोकपरंपरेने त्याला चिकटवलेले आहे. प्रधान माधव याच्या पत्नीचे तो हरण करतो, प्रतिकार करताना माधवाचा भाऊ मारला जातो, आणि सूडाने पेटलेला माधव दिल्लीला जाऊन अल्लाउद्दीन खिलजीचे सैन्य गुजरातवर आणतो. दुराचाराचा शेवट नाशात होतो, हे दाखवण्याचा नंदशंकरांचा हेतू उघड आहे. तथापि या नीतिकथेच्या आत त्यांनी आपल्या माणसांपासून तुटलेल्या दोन पुरुषांचे चित्र रेखाटले, आणि कादंबरीचे खरे बळ त्यातच आहे. माधवाला सूड मिळतो, परंतु ज्या भूमीचा तो प्रधान होता ती परक्यांच्या हाती जाते. करण राज्य, राणी आणि प्रतिष्ठा गमावून बागलाणात, म्हणजे आजच्या नाशिक जिल्ह्यातील डोंगराळ मुलखात, आश्रय घेतो.

मराठी वाचकाला हा भाग विशेष जवळचा वाटावा. देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा पुत्र शंकरदेव करणाची कन्या देवलदेवी हिला मागणी घालतो. फिरिश्ता या इतिहासकाराच्या वृत्तान्तानुसार, राजपुताने मराठ्याला मुलगी देणे करणाला कमीपणाचे वाटत होते, आणि दिल्लीच्या फौजेचे संकट अगदी जवळ आल्यावरच त्याने संमती दिली. सिंहासन गेल्यानंतरही कुळाचा अभिमान सोडू न शकणाऱ्या या माणसाच्या एकाकीपणाचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. देवगिरीकडे निघालेली देवलदेवी वेरूळच्या लेण्यांजवळ शत्रूच्या हाती लागली आणि दिल्लीस नेली गेली. तिच्या आणि शाहजादा खिज्रखानाच्या प्रेमावर अमीर खुसरो याने दीर्घ काव्य रचले, त्यामुळे कन्येला काव्यात स्थान मिळाले आणि पित्याच्या वाट्याला लोकनिंदा आली.

या कादंबरीवर 1924 मध्ये श्रीनाथ पाटणकर यांनी त्याच नावाचा मूकपट काढला. पाटणकर हे दादासाहेब फाळक्यांच्या काळातील मराठी चित्रपटकार असून, नारायणराव पेशव्यांच्या वधावरही त्यांनी चित्रपट केला होता. राजसत्तेच्या अंतर्गत विनाशाचा विषय त्यांना परका नव्हता. त्या काळातील बहुतेक मूकपटांच्या फिती नष्ट झाल्या, ही भारतीय चित्रपटेतिहासाची मोठी हानी आहे.

पुढे धूमकेतूंनी ‘राय करण घेलो’ आणि कन्हैयालाल मुनशी यांनी ‘भग्न पादुका’ या कादंबऱ्यांतून याच राजाची कथा पुन्हा हाताळली, तर नंदशंकरांच्या मूळ कृतीचा तुलसी वत्सल आणि आबान मुखर्जी यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2015 मध्ये प्रकाशित झाला.