जोर, नमस्कार आणि प्लँक

जिममध्ये प्रशिक्षक 'प्लँक' शिकवू लागला, की आपल्यातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, हे तर आपलंच!" मीही तेच म्हणालो होतो. संगणकापुढे बसून बसून कंबर धरली, फिजिओथेरपिस्टने प्लँक करायला सांगितलं आणि पंधराव्या सेकंदाला मी थरथरू लागलो! 'आपलंच' म्हणणाऱ्याची ही गत पाहून मग जरा इतिहास चाळला.

तालमीत जोर काढताना आणि आज सर्वत्र शिकवल्या जाणाऱ्या सूर्यनमस्कारात, दोन्ही पाय मागे नेल्यावर शरीर क्षणभर फळीसारखं सरळ होतं. या नमस्कारांचा ध्यास घेतला तो औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी ते संपादित केलं होतं. म्हणजे आपल्या आधी नमस्कार सातासमुद्रापार पोचले होते!

पण खरं सांगायचं तर प्लँकचा उगम एवढ्यावरून औंधला नेता येत नाही. नमस्कारात महत्त्व गतीला, प्लँकमध्ये स्थिर राहण्याला. या स्थिरतेकडे लक्ष वेधलं ते पाठदुखीच्या संशोधनाने. १९९६ साली ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवलं, की निरोगी माणूस हात उचलण्याआधीच त्याच्या पोटाचा खोलवरचा स्नायू आवळला जातो. कंबरदुखीच्या रुग्णांत तो उशिरा जागा होतो. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी वारंवार वाकून सिट-अप्स काढण्याचे मणक्याला असलेले धोके मांडले. पुढे २०२१ साली अमेरिकी नौदलाने चाचणीतून पोटाच्या उठाबशा काढून प्लँक आणला.

आता कृती. कोपरं बरोबर खांद्यांखाली. डोक्यापासून टाचांपर्यंत एक रेघ. नजर जमिनीकडे. पोट आणि नितंब आवळलेले, कंबर लोंबकळू द्यायची नाही आणि तंबूसारखी वरही काढायची नाही. श्वास रोखायचा नाही. जमत नसेल तर गुडघे टेकवा. जमू लागलं, की हात सरळ ठेवून करा, मग एका कुशीवर, नंतर एक पाय उचलून.

आणि किती वेळ? २०२० साली जॉर्ज हूड या बासष्ट वर्षांच्या माजी मरीनने सव्वाआठ तास प्लँक धरला! आपल्याला ते नको. मॅकगिल यांचा सल्ला दहा-दहा सेकंदांच्या आवर्तनांचा आहे. मी तेच करतो. कंबर आता बरीच ऐकते.

"आपलंच" म्हणायला हरकत नाही, मंडळी. फक्त तो हक्क सतरंजीवर सांगावा लागतो, रोज! उद्या सकाळी मुलांनाही शेजारी घ्या. आधी चार नमस्कार, मग दहा सेकंद प्लँक. कोण आधी थरथरतं, ते कळवा!