कल्याण ते खोडद

पुणे-नाशिक रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाला नारायणगाव माहीत असतं, तमाशासाठी नाहीतर टोमॅटोसाठी. तिथून आत, खोडदला, जगातली एक मोठी रेडिओ दुर्बीण आहे, हे मात्र मलाही कॉलेज संपेपर्यंत ठाऊक नव्हतं.

1961 मध्ये परदेशातल्या चार तरुण भारतीय शास्त्रज्ञांनी होमी भाभांना पत्र लिहिलं, की आम्हाला परत येऊन देशात रेडिओ खगोलशास्त्र सुरू करायचंय. भाभांनी होकार कळवला. (ऊद मेथात बसून हे लिहिताना जरा चुटपुट लागते!) चौघांपैकी गोविंद स्वरूप 1963 मध्ये परतले. हाताशी काय, तर ऑस्ट्रेलियाने देऊन टाकलेल्या 32 जुन्या तबकड्या. त्या कल्याणला मांडून 1965 मध्ये सूर्याचे वेध सुरू झाले. रोज कल्याण लोकल पकडणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

तिकडे क्वेसारचं कोडं सुटत होतं. 3सी 273 ची नेमकी जागा सापडली ती चंद्रामुळे. 1962 मध्ये चंद्र आड आला तेव्हा त्याच्या रेडिओ लहरी कोणत्या क्षणी थांबल्या, ते मोजलं गेलं. त्यातच त्याचे दोन भाग उलगडले: एक गाभा, दुसरा त्यातून सुटलेल्या झोताच्या टोकाशी. हीच युक्ती वापरायला स्वरूप यांनी 1970 मध्ये उटीला 530 मीटर लांबीची दुर्बीण उभारली.

पण चंद्र काही सगळ्या आकाशात फिरत नाही. म्हणून मग खोडद. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. एवढी मोठी एकच तबकडी कोण बांधणार? त्याऐवजी प्रत्येक जोडीचे सिग्नल ताडून पाहायचे. जोड्या होतात 435. पुढचं काम संगणकाचं, तिथे आमच्या धंद्यातल्यांची कॉलर जरा ताठ होते. पत्र्याऐवजी ताणलेली तारेची जाळी, त्यामुळे वारा आरपार आणि खर्च कमी. 2001 मध्ये ती राष्ट्राला अर्पण झाली. तिच्या सर्वेक्षणातून बंगालमधल्या संशोधकांनी अलीकडे 53 महाकाय क्वेसार शोधले. त्यांच्या झोतांचा पसारा 72 लाख प्रकाशवर्षांपर्यंत आहे!

याच दुर्बिणीपायी पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची आखणी बदलावी लागली. नारायणगावकरांचा राग मला समजतो. पण एवढ्या लांबून आलेली क्षीण लहर गाडीच्या विजेच्या गोंगाटात कुठली ऐकू येणार? मी दुर्बिणीच्या बाजूने आहे. रेल्वेला दुसरा रस्ता सापडू शकतो, 30 तबकड्या उचलून कुठे नेणार?

स्वरूप 2020 मध्ये गेले. 28 फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. सुट्टी जुळली तर मुलांना घेऊन जरूर जा.