सेनापतीचे ‘वेड’ : मानसोपचार आणि राज्यसत्ता



‘याला येरवड्याला पोचवा’ असे आपल्याकडे थट्टेने म्हटले जाते. म्हणणाऱ्याच्या मनात रोगाचा विचार नसतो. समोरच्याचे ऐकून घ्यायचे नाही, एवढाच त्याचा आशय. हीच युक्ती राज्यसत्तेच्या हाती गेली आणि तिला वैद्यकशास्त्राची मुद्रा मिळाली तर काय घडते, याचा रशियाच्या इतिहासातील एक दाखला आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

१८३६ साली ‘टेलिस्कोप’ या रशियन नियतकालिकात चाआदायेव या विचारवंताचे पत्र छापून आले. रशियाच्या भूतकाळावर त्यात कठोर टीका होती. झार पहिला निकोलस याने नियतकालिक बंद केले, संपादकाला हद्दपार केले आणि लेखकाला मात्र वेडा ठरवून त्याच्या घरी डॉक्टर धाडण्याची व्यवस्था केली. चाआदायेवही खमका. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःला वेडा म्हणवून घेत आपले समर्थन लिहावयास घेतले! पण ते झारचे फर्मान होते आणि फर्मान म्हणूनच सर्वांना ते कळत होते. सोव्हिएत काळात फर्मानाची जागा निदानाने घेतली.

मॉस्कोतील मानसोपचारतज्ज्ञ स्नेझ्नेव्स्की यांच्या संप्रदायाने ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ नावाचा विकार मानला होता. त्यात भास-भ्रम ठळकपणे दिसण्याची गरज नव्हती. सुधारणेचा ध्यास, सत्यासाठी हट्ट, अधिकाऱ्यांशी संघर्ष ही लक्षणे म्हणून पुरत. अशी व्याख्या एकदा मान्य झाली, की रोगी शोधावा लागत नाही.

मेजर जनरल प्योत्र ग्रिगोरेन्को हे लाल सेनेतील अधिकारी आणि लष्करी अकादमीतील अध्यापक होते. १९६१ मध्ये त्यांनी पक्षाच्या सभेत नेतृत्वावर टीका केली. १९६४ मध्ये त्यांना अटक झाली, वेडे ठरवून लेनिनग्राडच्या विशेष मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि त्यांचा हुद्दाही काढून घेण्यात आला. १९६५ मध्ये सुटल्यावर त्यांनी हद्दपार केलेल्या क्रिमियन तातारांची बाजू घेतली. १९६९ मध्ये ताश्कंदला पुन्हा अटक झाली. तेथील डॉक्टरांच्या मंडळाने त्यांना तपासून शहाणे ठरविले. तेव्हा त्यांना मॉस्कोच्या सर्ब्स्की संस्थेत नेण्यात आले आणि तेथे त्यांच्या व्यक्तिमत्त्वात सुधारणावादी कल्पनांसह विकृती आढळली.

मॉस्कोच्या अहवालातील तर्क मुळातून पाहण्याजोगा आहे. रुग्णाचे बोलणे सुसंगत आहे, वागणे व्यवस्थित आहे, पूर्वीचे ज्ञान शाबूत आहे, हे त्या डॉक्टरांनी नाकारले नाही. ताश्कंदच्या डॉक्टरांना याच गोष्टी स्वास्थ्याची खूण वाटल्या होत्या. मॉस्कोच्या मते हीच त्या विकृतीची खूण! न्यायसभेत आरोपीला निदान उत्तर देता येते. येथे उत्तर देणे हाच पुरावा ठरला. तुरुंगाला मुदत असते, या उपचाराला ती नव्हती. आपली मते हा आजार होता अशी कबुली दिली, तर सुटकेची वाट मोकळी होण्याचा संभव. ग्रिगोरेन्को वाकले नाहीत. १९७४ मध्ये ते बाहेर आले. पुढे अमेरिकेत गेल्यावर तेथील तज्ज्ञांनी त्यांना पुन्हा तपासले, तेव्हा मनोविकार काही सापडला नाही.

हे सारे डॉक्टर लबाड होते, असे मी म्हणणार नाही. काहींचा त्या व्याख्येवर मनापासून विश्वास असावा आणि मला तेच अधिक भयंकर वाटते. लबाडाला आपण खोटे बोलतो आहोत हे ठाऊक असते. श्रद्धेने औषध टोचणाऱ्याला थांबविणार कोण?

थांबविण्याचा प्रयत्न झाला, तो एका तरुणाकडून. कीव्हचे डॉक्टर सेम्योन ग्लूझ्मन यांनी १९७१ मध्ये उपलब्ध कागदपत्रांवरून ग्रिगोरेन्को शहाणे असल्याचा अहवाल लिहिला. त्यांना सात वर्षे छावणी आणि तीन वर्षे हद्दपारी मिळाली. छावणीत व्लादिमिर बुकोव्स्की भेटले. बुकोव्स्कींनी १९७१ मध्येच अशा प्रकरणांची सुमारे १५० पाने परदेशी पाठविली होती. दोघांनी मिळून एक पुस्तिका लिहिली : मतभेद बाळगणाऱ्याने मानसोपचारतज्ज्ञांच्या तपासणीला कसे सामोरे जावे, याविषयी! वैद्यकाच्या इतिहासात असे पाठ्यपुस्तक विरळाच.

जागतिक मानसोपचार संघटनेने १९७१ मध्ये मेक्सिकोत या प्रश्नाला बगल दिली. १९७७ मध्ये होनोलुलूला मात्र निषेधाचा ठराव झाला. १९८३ मध्ये सोव्हिएत संघटना स्वतःच बाहेर पडली आणि १९८९ मध्ये, गैरवापराची कबुली दिल्यावर, अटींसह परत आली. विशेष रुग्णालये १९८८ पर्यंत आरोग्य खात्याकडे नव्हे, गृहखात्याकडे होती, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील तिसरे कलम मी या संदर्भात मुद्दाम वाचले. समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक, राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक समजुतींशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. कायद्याची भाषा रुक्ष असते. पण हे कलम वाचताना मला चेर्न्याखोव्स्कच्या रुग्णालयातील तो वृद्ध सेनाधिकारी आठवत राहिला.