मिठागराच्या बांधावरची सायकल

परवा भाचीच्या मुलीने केंब्रिजहून फोटो पाठवले. सपाट हिरवा मुलूख, मधून सरळ रेघेसारखा पाण्याचा पाट, पाटाच्या कडेने बांध आणि बांधावर टेकवून ठेवलेली तिची सायकल. खाली लिहिलं होतं, "आत्याआजी, इथे चढ नावाची गोष्टच नाही! दर रविवारी पंधरा-वीस मैल होतात."

फोटो पाहिला आणि मी चटकन म्हणाले, "अगं, हे तर आपलं मुलुंडचं मिठागर!"

घरातले सगळे हसले. पण मंडळी, चाळीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवलेल्या बाईला असं हसण्यावारी नेऊन चालत नाही. म्हणून हा लेख.

आधी इंग्लंडचं पाहू. केंब्रिजच्या उत्तरेचा तो मुलूख म्हणजे 'फेन्स'. मुळात ती दलदल. सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्मायडन या डच अभियंत्याच्या देखरेखीखाली लांबच लांब कालवे खणून पाणी काढलं आणि शेतजमीन केली. पाणी निघाल्यावर माती सुकून खचत गेली, त्यामुळे काही जमीन आज समुद्रसपाटीच्याही खाली आहे. पंप बंद पडले तर पाणी परत येईल. म्हणजे ती सपाटी देवाने दिलेली नाही, माणसाने बांध घालून राखलेली आहे. जुन्या दलदलीचा एक तुकडा 'विकेन फेन' या नावाने १८९९ पासून राखून ठेवला आहे आणि आता लोक तिथे सायकलने जातात.

सायकल तिथे मौजेची कधी झाली? मोठ्या चाकाच्या उंच सायकलीवर बसणं म्हणजे धाडस होतं. तरी १८७८ मध्येच इंग्लंडात सायकलने भटकणाऱ्यांचा क्लब निघाला. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या स्टार्लीने सारख्या चाकांची, साखळीची सायकल आणली, १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर काढला, आणि मग कारकून, शिक्षक, दुकानातल्या मुली रविवारी गावाबाहेर पडू लागल्या. बायकांच्या सायकलवर बसण्याने तिथेही गदारोळ झालाच. सगळीकडे आया सारख्याच!

आता आपल्याकडे. नकाशा काढून बघा. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घाटकोपर, भांडुप, मुलुंड. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १८५३ साली याच पट्टीतून धावली. खाडीच्या बाजूची जमीन म्हणजे खाजण, आणि खाजणात बांध घालून केलेली मिठागरं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, कोंडायचं, उन्हात आटवायचं. फेन्समध्ये पाणी बाहेर काढतात, आपण आत घेतो. पण सपाटी आणि बांध तेच.

मुलुंड बृहन्मुंबईत आलं ते १९५७ साली. आम्ही तेव्हा लहान. वडील कारकून, घरात सायकल नव्हती. सायकल ही कमावत्या माणसाची वस्तू होती. दूधवाले, पाववाले, पोस्टमन, कंपनीत पाळीला जाणारे कामगार. वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता, सोनिपतची ॲटलस १९५१ पासून निघत होती, तरी नवी सायकल घेणं म्हणजे घरात चर्चेचा विषय. मौजेसाठी सायकल म्हणजे भाड्याची. चार आणे तास. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा, आणि पाच मिनिटं उशीर झाला तरी पुढच्या तासाचे पैसे मागायचा.

याच मुंबईतून १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले होते. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे फेरी पुरी करून १९२८ मध्ये परतले. ही गोष्ट मी पुढे वर्गात किती वेळा सांगितली असेल! पण माझी जगप्रवासाची हद्द मिठागरापर्यंतच होती.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. १९६३ च्या मे महिन्यात त्याने मला सायकल शिकवली. रस्त्यावर ओळखीचे बघतील म्हणून बांधावर नेलं. सायकल बावीस इंची, मी बारा वर्षांची, परकर खोचून नळीखालून पाय घातलेला. एका बाजूला मिठाचे पांढरे ढीग, दुसऱ्या बाजूला पाणी, समोर सरळ बांध. आठव्या की नवव्या दिवशी मला जमलं. ब्रेक कसा लावायचा ते मात्र विचारायचं राहिलं होतं. सायकलीसकट मी मिठागरात! गुडघा फुटला आणि वर ते खारं पाणी. वाचकहो, जखमेवर मीठ हा वाक्प्रचार मी असा शिकले.

परकर वाळला तसे त्यावर पांढरे डाग उमटले आणि आईला सगळं कळलं. "मुलीच्या जातीला..." वगैरे झालं. दादाने सांगितलं, तिला यायचं नव्हतं, मीच जबरदस्तीने नेलं. धपाटे त्याने खाल्ले. मी गप्प राहिले. सायकल सुटली ती कायमचीच.

१९९१ च्या सुमारास तमिळनाडूत पुदुक्कोट्टईच्या साक्षरता मोहिमेत हजारो खेडवळ बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. ती बातमी वाचून शिक्षकांच्या खोलीत माझे डोळे भरून आले. सहकाऱ्यांना वाटलं, बाई किती हळव्या!

आता उपनगरात मौजेची सायकल कुठे चालवावी? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भाड्याने सायकल मिळते. सुरुवातीचा रस्ता ठीक, पण कान्हेरीकडे चढ लागतो. आरेच्या रस्त्यावर सावली आहे आणि चढउतारही. खरी सपाटी हवी तर मार्व्याहून तरीत सायकल घालून मनोरीला उतरावं आणि गोराईकडे जावं, किंवा वसईच्या किल्ल्यापासून वाड्यांमधून निर्मळ, भुईगावकडे. केळीच्या बागा, विहिरी, नारळ. मात्र पहाटे जा, नंतर मोटारी सुखाने जाऊ देत नाहीत. पवई तलावाकाठी सायकलचा रस्ता करायचा घाट घातला होता. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि मला ते पटलं. मौजेसाठी तलाव बुजवायचा नसतो.

आणि मिठागर? सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप, मुलुंडकडची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी घेण्याला मंजुरी दिली. एका खोलीत सातजण राहणाऱ्यांची मुलं मी शिकवली आहेत. त्यांना घर नको असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तोही विसरता येत नाही. सखल मोकळी जमीन पाणी पोटात घेते. ती भरली तर पाणी कोणाच्या तरी घरातच शिरणार, आणि ते घर बहुधा गरिबाचंच असणार. फेन्समधले लोक पाण्याचा हिशोब पिढ्यान् पिढ्या ठेवत आले. आपण आपला हिशोब नीट मांडला आहे का, एवढंच मी विचारते.

असो. केंब्रिजचे फोटो मी दादाला पाठवले. त्याचीच नात ती. तो आता एकोणऐंशीचा, फारसा घराबाहेर पडत नाही. रात्री त्याचा फोन आला. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी खरं सांगायला हवं होतं. रोज मीच तुझ्यामागे लागायचे."

"ते आईला माहीत होतं," दादा म्हणाला. "धपाटे हळूच होते. तुझ्या गुडघ्यावरचा व्रण आहे का अजून?"

आहे. आज पुन्हा पाहिला.

तुमच्यापैकी कोणी मिठागराच्या बांधावर सायकल चालवली असेल तर जरूर कळवा. पडला असाल तर नक्कीच कळवा!