बेट आणि त्याचा काठ

‘इन्सुलेटर’ हा शब्द वायरमनच्या तोंडी इतका रुळलाय की त्यात बेट दडलं असेल अशी शंकाही येत नाही. लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ म्हणजे बेट. चहूकडून तोडून एकटं पाडलं, ते इन्सुलेटेड. इन्सुलिनही याच घरातलं. स्वादुपिंडातल्या पेशींच्या बेटांत ते तयार होतं, म्हणून हे नाव. आपण मराठीत ‘विसंवाहक’ म्हणून मोकळे झालो. अर्थ चोख, पण बेट बुडालं.

आता ‘द्वीप’ घ्या. द्वि अधिक अप्, दोन्ही अंगांना पाणी. पाणिनीच्या नियमाने ‘अप्’चं ‘ईप’ होतं. ‘समीप’ त्याच नियमाने घडला. म्हणजे या शब्दाची नजर जमिनीवर नाहीच, कडेच्या पाण्यावर आहे.

ती नजर कामी येते टोपोलॉजिकल इन्सुलेटरपाशी. हे नाव २००७ साली जोएल मूर आणि लिऑन बॅलेंट्स यांनी दिलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या वुर्झबुर्गला लॉरेन्स मोलेनकाम्प यांच्या गटाने पारा-टेल्युरियमच्या संयुगाच्या पातळ थरात ही करामत मोजून दाखवली: आत वीज वाहत नाही, काठाने मात्र वाहते. बिस्मथ सेलेनाइडच्या जाड स्फटिकात काठाऐवजी सगळा पृष्ठभागच वाहक होतो.

असं का, ते ‘टोपोलॉजी’त आहे. योहान लिस्टिंग यांनी १८४७ च्या पुस्तकात हा शब्द छापला तो ग्रीक ‘टोपोस’ म्हणजे जागा यावरून. आत मात्र मळसूत्रं नि गाठी. या स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांच्या लहरींनाही असाच एक पीळ असतो. बाहेरच्या हवेला तो नाही. दोन्ही जिथे भिडतात तिथे पीळ सुटावाच लागतो, आणि तो सुटताना वीज अडवणारी ऊर्जेची दरी मिटते. काठ खरवडून काढा, आतून निघालेला नवा काठ वाहू लागतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण एखाद्या भौतिकीवाल्यानेच रचली असावी! (चुंबकत्वापुढे मात्र या पिळाचं फारसं चालत नाही.)

अशा पदार्थाला नुसतं ‘विसंवाहक’ म्हणणं म्हणजे काठ न बघता लुगडं घेणं. मी आपला ‘काठवाहक’ म्हणतो. याहून नेमका शब्द सुचला तर जरूर कळवा.