तळटीप : बेदरचा ओलीस

दासोपंत (१५५१–१६१५). बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे दत्तभक्त संतकवी. परंपरा सांगते, की वडील दिगंबरपंतांकडे सरकारी वसूल थकला तेव्हा बेदरच्या दरबाराने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवले : महिन्यात रक्कम भरा, नाहीतर मुलाचे धर्मांतर. पोराने दत्ताचा धावा सोडला नाही. मुदत संपता संपता कुणी ‘दत्ताजी पाडेवार’ पैसे भरून गेला; भक्तांच्या लेखी तो साक्षात दत्तात्रेय.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही बेदरच्याच दरबारात, अशाच भरण्याने सुटते. तेव्हा दासोपंतांची ही कथा इतिहास म्हणून जपूनच वाचावी.

‘गीतार्णव’ हे गीतेवरचे अवाढव्य भाष्य मात्र खरेच त्यांचे. शिवाय, कागद अपुरा पडला की काय, सुमारे २४ हात लांब कापडावर त्यांनी ‘पासोडी’ लिहिली, विषय पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी घडते हा वेदान्तविचार.