गोऱ्या वहिनीची कुळकथा

‘गोरी गोरी पान’ हे गाणं मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि आशा भोसल्यांचा आवाज. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीचं हे गाणं आजही बालवाडीच्या संमेलनात आणि लग्नघरात तितक्याच हौसेनं म्हटलं जातं. एक लहान मुलगी भावाकडे वहिनी मागते आहे आणि तिची पहिली अट रंगाची आहे. मला हे गाणं मनापासून आवडतं. म्हणूनच एवढ्याशा मुलीच्या तोंडी ही अट कुठून आली, याचा शोध घ्यावासा वाटला.

पहिला धागा गाण्यातच सापडतो. वहिनीला आणायला चांदोबाची गाडी निघते आणि त्या गाडीला हरणं जुंपलेली असतात. चंद्र आणि हरीण! स्त्रीच्या मुखाला चंद्राची आणि डोळ्यांना हरिणीची उपमा संस्कृत कवी दीड-दोन हजार वर्षं देत आले. माडगूळकरांनी त्याच दोन उपमानांची लहान मुलीला खेळता येईल अशी गाडी केली. गाणं बालगीत असलं तरी त्याचं घराणं फार जुनं आहे.

त्या घराण्याचं नाव नखशिखान्त वर्णन. संस्कृत काव्यानं स्त्रीच्या एकेका अवयवाला एकेक उपमान नेमून दिलं होतं. ओठ बिंबफळासारखे, मांड्या केळीच्या खांबासारख्या, कंबर सिंहासारखी, चाल हत्तिणीची किंवा हंसीची. बिंबफळ म्हणजे वेलीवर पिकून लालभडक झालेलं आपलं तोंडलं. वर्णन कुठून सुरू करायचं याचाही संकेत होता. माणसाचं वर्णन केसांपासून खाली यावं, देवतेचं पावलांपासून वर जावं. म्हणून कालिदास ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात पार्वतीचं रूप रंगवताना तिच्या पायाच्या अंगठ्यांपासून आरंभ करतो आणि श्लोकामागून श्लोक वर चढत जातो.

पण कालिदास तिथे थांबत नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे. एवढं रूप घेऊन पार्वती शंकरासमोर जाते तेव्हा मदन जळून जातो आणि तिच्या रूपाचा काहीच उपयोग होत नाही. पाचव्या सर्गाच्या आरंभी ती मनातल्या मनात आपल्याच रूपाची निंदा करते आणि तपाला निघते. पुढे शंकर तिचा होतो तो तपामुळे. रूपवर्णनाच्या घराण्यातल्या सर्वांत थोर कवीनं रूपाचा पराभवही त्याच काव्यात लिहून ठेवला आहे. पुढच्यांनी त्याच्या उपमा घेतल्या, हा पराभव घेतला नाही.

गोऱ्या रंगाचा माग काढताना मात्र कालिदासापेक्षा मत्स्यपुराण अधिक कामाला येतं. त्यातली पार्वती जन्मतः काळी आहे. एकदा शंकर थट्टेत तिला म्हणतो की, माझ्या पांढऱ्या अंगाला बिलगलेली तू चंदनाच्या झाडाला वेढलेल्या काळ्या नागिणीसारखी दिसतेस. तिला ते लागतं. भांडण होतं. ती घर सोडून तपाला जाते आणि ब्रह्मदेवाकडून सोन्यासारखी कांती मिळवते. अशी ती गौरी झाली. भाद्रपदात आपण जिला माहेरवाशीण म्हणून घरात आणतो त्या गौरीच्या नावामागची ही एक कथा. नवऱ्याच्या एका शेऱ्यावरून बायकोनं रंग बदलावा, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी याहून जुनी गोष्ट माझ्या वाचनात नाही. पुराणकारानं तिचं मन जाणलं होतं असं मला वाटतं, कारण त्यानं तिचा राग लपवलेला नाही. शिवाय तिच्या अंगावरून उतरलेली काळी कांतीही वाया जात नाही. तिची वेगळी देवी होते आणि ती विंध्य पर्वतावर जाते. गाण्यांनी या कथेतली गोरी तेवढी उचलली. रागावलेली पार्वती आणि विंध्यावर गेलेली काळी देवी मागेच राहिल्या.

जुन्या काव्यात रंगाला एवढा भाव सगळीकडे होता, असंही नाही. द्रौपदीचं एक नावच कृष्णा आहे, आणि महाभारतात तिच्याइतकी देखणी दुसरी नाही. ज्याचं घराणं महाराष्ट्रातलं मानलं जातं तो कवी राजशेखर ‘काव्यमीमांसे’त रंगांची विभागणी चक्क भूगोलानं करतो. उत्तरेकडचे गौर, पूर्वेकडचे श्याम, दक्षिणेकडचे कृष्ण, पश्चिमेकडचे पांडुर. यात कुणी वर नाही, कुणी खाली नाही. कवीनं माणूस रंगवताना प्रदेश चुकू नये एवढीच काळजी आहे. आणि गोदावरीच्या आसपास, सातवाहन राजा हालाच्या नावावर जमलेल्या ‘गाथासप्तशती’त तर एक गृहिणी भेटते. तिचा स्वयंपाकघरातला काजळीनं माखलेला हात तोंडाला लागतो. नवरा तिच्याकडे पाहून हसतो, कारण आता तिचं तोंड खऱ्याखुऱ्या चंद्रासारखं झालेलं असतं, डागासकट. चंद्राच्या उपमेचं याहून प्रेमळ रूप मी पाहिलेलं नाही. महाराष्ट्री प्राकृतातली ही बाई आपली खरी पणजी आहे.

मग वाट कुठे वळली? माझं उत्तर असं की, वर्णन कोण करतो आणि कुणासमोर करतो, यानं ती वळली. पेशवाईत रामजोशी, होनाजी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर यांनी शृंगाराच्या लावण्या रचल्या. जुनी उपमानं मराठी मातीत आणून त्यांनी त्यांना जो डौल दिला त्याला तोड नाही. पण रचणारे पुरुष, ऐकणारे शिलेदार-सावकार, आणि फडात नाचणारा बहुधा लुगडं नेसलेला नाच्या पोऱ्या. तमाशात स्त्री उघडपणे उभी राहिली ती बरीच नंतर, पठ्ठे बापूरावांच्या फडातल्या पवळा हिवरगावकरांच्या काळात. संगीत नाटकातही तेच झालं. बालगंधर्व 1911 साली ‘मानापमाना’त भामिनी होऊन आले. त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांचा गजरा पाहून घरंदाज स्त्रियांनी तशी वेशभूषा केली. बालगंधर्वांच्या कलेपुढे मी हात जोडतो. तरीही बाईनं कसं दिसावं हे पुरुषानं लिहिलं, पुरुषानं रंगमंचावर दाखवलं आणि बायकांनी घरी जाऊन आरशात शिकून घेतलं, ही गोष्ट उरतेच.

याच समाजात मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम रूढ होता. आजीच्या पिढीला विचारा. केस सोडून दाखव, चालून दाखव, उजेडात ये. केसांपासून पावलांपर्यंत, तोच क्रम. फरक इतकाच की काव्यातल्या नायिकेला कुणी नापसंत करून पोहे खाऊन निघून जात नव्हतं. जे वर्णन होतं त्याची परीक्षा झाली आणि गाण्यातला ‘गोरी’ हा शब्द लग्नाच्या जाहिरातीत गेला. ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ हे तीन शब्द एका ओळीत छापलेले आपण सगळ्यांनी वाचले आहेत. म्हणून माझ्या लेखी त्या बालगीतातली मुलगी स्वतःच्या मनचं काही मागत नाही. घरातल्या मोठ्यांचं बोलणं तिच्या कानावर पडलेलं आहे आणि ती ते गोड आवाजात परत म्हणते आहे. कवीनं घर अचूक ऐकलं होतं.

त्याच कवीचं, त्याच संगीतकाराचं, त्याच गायिकेचं आणि त्याच सुमाराचं दुसरं गाणं आहे ‘एका तळ्यात होती’. त्याचं मूळ डेन्मार्कच्या हान्स अँडरसननं 1843 साली लिहिलेली कुरूप पिलाची गोष्ट. एक गाणं रूप मागतं, दुसरं रूप नसलेल्याचं दुःख सांगतं. ही जोडी एकत्र ऐकली की माडगूळकरांवर एकांगीपणाचा आरोप करवत नाही. तरी शेवट नीट पाहावा. पिलाला समाधान मिळतं ते आपण राजहंस आहोत हे कळल्यावर. बदकांची मोजपट्टी तशीच राहते, आणि जे पिलू खरोखरच बदकाचं आहे पण वेगळं दिसतं, त्याच्यासाठी गाण्यात जागा नाही. गाणं ऐकून रडलेल्या कित्येक सावळ्या मुली राजहंस होण्याची वाट पाहत राहिल्या असतील.

ही वाट पाहणं बाजारानं बरोबर हेरलं. मुंबईत ‘अफगाण स्नो’ हे चेहऱ्याला लावायचं मलम 1919 पासून विकलं जात होतं. 1975 साली ‘फेअर अँड लव्हली’ आलं आणि पार्वतीला तप करून जे मिळालं ते ट्यूबमध्ये मिळेल अशी जाहिरात घराघरांत पोचली. नोकरी, लग्न, आत्मविश्वास, सगळं रंगाला बांधलं गेलं. 2020 साली त्या मलमाच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढावा लागला आणि त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानं त्वचेच्या रंगावरून स्थळं गाळण्याची सोय बंद केली. मलम मात्र आजही विकलं जातं.

रंगाबद्दल बायकांचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर जात्याकडे जावं लागतं. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या जमवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. मी वाचलेल्या ओव्यांत बाई स्वतःच्या रूपावर फार थांबत नाही. ती लेकराचं, भावाचं, सखीचं रूप गाते आणि सावळ्या विठ्ठलाला तर अगदी घरचा माणूस म्हणून हाक मारते. तिथे रंग आहे, पण परीक्षा नाही. ऐकणारा कुणी सावकार समोर बसलेला नव्हता, हे त्याचं साधं कारण असावं.

‘गोरी गोरी पान’ मुलांना जरूर शिकवा, त्याची चाल सोडवत नाही. पण भाद्रपदात गौरी बसतील तेव्हा त्याच मुलांना रागावून घराबाहेर पडलेल्या काळ्या पार्वतीची गोष्टही सांगा. आणि घरात किंवा गावात कुणाला ओव्या येत असतील तर त्यांच्याजवळ बसून त्या याच वर्षी लिहून घ्या.